नैवेद्याआधीची गोळी

आमच्या घरात आजार दोन होते आणि दोन्हींवर गोळ्या होत्या. सासऱ्यांना स्नायू दगा देत होते, सासूला आठवण. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही गोळ्या नात्यातल्याच. शरीरातला एकच पदार्थ लवकर संपू नये म्हणून द्यायच्या, एक स्नायूंसाठी, दुसरी मेंदूसाठी. नवऱ्याला याची मोठी गंमत वाटली. अंबत्तूरच्या कारखान्यात त्याने ती चार जणांना सांगितलीही. घरात गोळ्या देणारी मी होते, त्यामुळे माझ्या वाट्याला गंमत कमी आली.

माझं माहेर साताऱ्याचं. सासर तंजावरकडचं जुनं मराठी घर, पिढ्या तिकडे काढून मद्रासला आलेलं. मी लग्न होऊन अड्यारच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मद्रासचं चेन्नई झालं होतं, बाकी या घरात फारसं काही बदललं नव्हतं. सासऱ्यांना मी अप्पा म्हणायचे, सासूला अम्मा. अप्पा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. चार घास चावले की त्यांचा जबडा थकायचा, आवाज नाकात जायचा आणि घास घशात अडायचा. गोळी जेवणाआधी तासभर पोटात गेली तर मात्र माणूस नीट जेवायचा, वर ताकभातही मागून घ्यायचा. जेवल्यावर दिलेली गोळी म्हणजे वरातीमागून घोडं. डॉक्टरांनी हे मला नीट समजावलं होतं आणि मी घरात सगळ्यांना.

पण या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नसे. सकाळची कॉफी तेवढी चालायची. देवाने कॉफीला सूट कधी दिली हे मी विचारलं नाही. गोळी मात्र खाण्यात धरलेली. कॉफीबरोबर दिली असती तरी तिचा जोर जेवणापर्यंत टिकला नसता. अप्पांच्या तळहातावर गोळी दिसली की अम्मा स्वयंपाकघरातून यायच्या.

"थांबा. अजून नैवेद्य झाला नाहीं. मात्रै मग घ्या."

मात्रै म्हणजे गोळी. ती उचलून त्या देव्हाऱ्यात ठेवायच्या. अप्पा हात तसाच उघडा ठेवून बसायचे.

मी म्हटलं, ठीक आहे, नैवेद्यच लवकर करू. उजाडायच्या आत भात-वरण लावायला लागले. अम्मा आंघोळ करून यायच्या, वाटीवर तुळशीचं पान ठेवून स्वतःच्या हाताने नैवेद्य दाखवायच्या, घंटा वाजवायच्या. थोडे दिवस हे जमलं. मला वाटलं, जिंकले.

मग एके दिवशी मी अप्पांना गोळी दिली आणि अम्मा पुन्हा आल्या. "थांबा. नैवेद्य झाला नाहीं."

"अम्मा, आत्ताच तुम्ही केलात."

"मी? केव्हां केलें?"

मी त्यांना देव्हाऱ्यापाशी नेलं, वाटी दाखवली, वरचं पान दाखवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं. "तें कालचें," म्हणाल्या आणि नव्याने तांदूळ धुवायला बसल्या. त्या दिवसापासून ते असंच. नियम पाठ आणि नियम पाळल्याची आठवण नाही, म्हणजे आमच्या घरात नैवेद्य कधी व्हायचाच नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो पीळ मी रोज डोळ्यांनी पाहत होते.

अप्पांना मी न्हाणीघराच्या दाराशी गाठून सांगितलं, इथेच घ्या, त्यांना कळणार नाही. त्यांनी मान हलवली. आवाज नाकातून येत होता तरी शब्द स्वच्छ होते. "तिला अस्कें विसरलें. हें एक राहिलें आहे. हेंहि मी तिच्यापासून चोरून घेऊं काय?"

मला त्यांचा राग आला. आजही येतो. बायकोची आठवण राखायला स्वतःचा घसा देणारा माणूस लोकांना थोर वाटतो. रोज त्याच्या पाठीवर थापटत घास खाली उतरवणारीला तसं वाटत नाही.

नवरा म्हणाला, तिच्या मनाला कशाला दुखवायचं, तेवढंच सुख आहे तिला. थोरले दीर अमेरिकेतून फोन करायचे. अम्माची रात्रीची गोळी मुळीच चुकवू नकोस, म्हणायचे, ती आहे म्हणून एवढं तरी टिकलंय. आणि अप्पांचं? "अम्माला प्रेमाने समजावून सांग गं." दुरून डोंगर साजरे. समजावलेलं दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हतं, हे त्यांना कितीदा सांगायचं?

अम्माची गोळी मी चुकवली नाही. तिने गेलेलं परत येणार नाही, आहे ते थोडे दिवस टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते खरंच होतं. गोळीने आपलं काम चोख केलं. टिकवायला या बाईजवळ हाच एक नियम उरला होता, तो गोळीने टिकवला.

एका दुपारी सांबारभाताचा घास अप्पांच्या घशात गेला तो चुकीच्या वाटेने. गोळी देव्हाऱ्यात होती. इस्पितळात फुप्फुसाला जंतुसंसर्ग झाला असं निघालं, आणि त्यातून ते उठले नाहीत. भेटायला आलेले नातेवाईक म्हणाले, वय झालं होतं, सुटले. नवऱ्यानेही मान डोलावली. मी चहा करायला उठून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी मी इडल्या उकडून भांडं नुकतंच उतरवलं होतं. अम्मा झोपेतून उठून तशाच आत आल्या, ना तोंड धुतलं, ना आंघोळ. झाकण काढलं, गरम इडली हाताने उचलली आणि उभ्या उभ्याच खायला लागल्या.

"अम्मा, नैवेद्य?" मी विचारलं.

"कसला नैवेद्य?" त्या म्हणाल्या आणि दुसरी इडली माझ्यापुढे धरली. "तूंहि खा. गरम आहे."

मी ती घेतली. अप्पा गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तिथे, ओट्यापाशी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. जायचंच होतं त्या नियमाला, तर तो अप्पांच्या आधी का गेला नाही?