पातळ लावा

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी संघपालचं मेडिकल आहे. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं उभी राहिली तर तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण माणूस नेमका. चिठ्ठीशिवाय तो मुरमांची साधी ट्यूबही देत नाही. "भैया, मैत्रिणीला जी लागू पडली तीच द्या ना," असं मुली गयावया करतात, तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "तिची कातडी तुझ्या तोंडावर हाय का? डॉक्टरला दाखव, मंग ये." मुली नाक मुरडून पुढच्या दुकानात जातात.

त्याची आई साळूबाई चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. पोरगा दिवसा दुसऱ्याच्या दुकानात औषधं काढून द्यायचा आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. परवाना हातात आला त्या दिवशी साळूबाईनं गल्लीभर पेढे वाटले. आमच्याही दारी आली. मी पेढा घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि ती गेल्यावर तो कामवालीला देऊन टाकला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. चूक नेहमी समोरच्याची असते, ही सवय तिथलीच. निवृत्त झाले तरी ती काही सुटली नाही.

गेल्या वर्षी लासूर स्टेशनहून माझ्या भावाची, अप्पारावची, मुलगी अपेक्षा कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली. पोर गुणी, पण दोन्ही गालांवर मुरमं. वर्गातसुद्धा स्टोल सोडायची नाही. मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी क्रीम लिहून दिली. पोरीला कॉलेजची घाई होती, म्हणून चिठ्ठी घेऊन मी एकटीच संघपालकडे गेले.

"काकू, रात्री लावायची. पातळ लावा. सुरवातीला एक दिवसाआड," तो म्हणाला. मागं गर्दी होती. मी मान हलवली.

घरी आणून बघते तर क्रीम चांगली घट्ट. पातळ लावा म्हणजे पातळ करून लावा, असा मी अर्थ लावला. अर्धी ट्यूब वाटीत पिळली, गुलाबपाणी घातलं, कढीसारखं ढवळलं आणि कापसानं पोरीच्या तोंडभर थापलं. एक दिवसाआडचंही मला पटलं नाही. औषध म्हटल्यावर रोज नको? थर पातळ की औषध पातळ, एवढं साधं विचारायला मी काही परत दुकानात गेले नाही. विशेषण कुणाचं, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलेली बाई!

दुसऱ्या दिवशी अपेक्षा म्हणाली, "आत्या, लई झोंबतंय."

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा चेहरा लालभडक सुजला होता. ओठांचे कोपरे फाटले होते, पापण्या उघडत नव्हत्या. रडली तर अश्रूंनीही आग व्हायची. "आत्या, माझं तोंड आता असंच राहील का?" तिनं विचारलं.

मी तशीच दुकानात गेले. पाच-सहा माणसं होती. त्यांच्यादेखत मी ओरडले, "पोरीचं तोंड जाळलंस तू! सवलतीवर शिकलेल्यांच्या हाती औषधं दिली की असंच व्हायचं!"

संघपालचा चेहरा उतरला. त्यानं एवढंच विचारलं, "आता तोंडावर काय हाय? साध्या गार पाण्यानं धुवा. दुसरं काहीच लावू नका." मग शटर ओढलं, रिक्षा बोलावली, घरून पोरीला घेतलं आणि आमच्यासोबत डॉक्टरांकडे आला.

"किती लावत होतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी भिंतीकडे बघत राहिले. अपेक्षा माझ्याकडे बघत राहिली.

"सर, माझ्या सांगण्यात चूक झाली," संघपाल म्हणाला.

डॉक्टरांनी क्रीम बंद केली. साधं मॉइश्चरायझर दिलं, उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं. डाग राहतील का, ते आत्ताच सांगता येणार नाही, म्हणाले. पुढचे तीन आठवडे पोरीनं आरशावर टॉवेल टाकून ठेवला. मी तिच्यासाठी रोज काहीतरी गोडाधोडाचं करायचे, जणू त्यानं माझं पाप धुतलं जाणार होतं. खरं मात्र बोलले नाही.

हळूहळू कातडी निवली. मग डॉक्टरांनीच तीच क्रीम पुन्हा, बेतानं सुरू केली. या वेळी ती कशी लावायची ते अपेक्षा स्वतः शिकून आली. तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायची, मग वाटाण्याएवढी क्रीम सगळ्या चेहऱ्याला पुरवायची. सकाळी सनस्क्रीन. लिंबू, बेसन, उटणं सगळं बंद. तीन महिन्यांनी गाल स्वच्छ झाले. हनुवटीपाशी एक काळपट डाग तेवढा राहिला. मी तोवर माझ्या बीपीच्या गोळ्या लांबच्या दुकानातून आणत होते.

परवा तिनं नवी ट्यूब आणली. खोक्यावर पेनानं लिहिलं होतं: "वाटाण्याएवढी. कोरड्या तोंडावर. डोळे, ओठ सोडून. पाणी, गुलाबपाणी घालू नये."

गुलाबपाणी! मी अपेक्षाला विचारलं, "त्याला कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं, डॉक्टरकडं गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ते म्हणले, आत्याला बोलू नको, त्यांच्या जिवाला लागंल. तवापासून ते सगळ्याच खोक्यांवर लिहितेत."

म्हणजे आठ महिने गल्लीत चूक त्याच्या नावावर होती आणि ती कुणाची हे त्याला ठाऊक होतं. मला घरात बसवेना. चपला घातल्या आणि दुकानात गेले. तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबावं, असं एकदा मनात आलं. नाही थांबले.

"संघपाल, ते औषध मीच गुलाबपाण्यात कालवलं होतं. चूक माझी होती."

"व्हय काकू, ठाऊक हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. तो कशासाठी थांबलाय, ते मला समजलं.

"आणि त्या दिवशी तुझ्या जातीवरून बोलले," मी म्हणाले. "तेही चुकलं माझं."

त्यानं पुढच्या बाईची चिठ्ठी हातात घेतली.

"ते आधी म्हणायचं होतं, काकू," तो म्हणाला. "क्रीमचं नंतर चाललं असतं."