भाऊजींची शपथ

माझे धाकटे दीर सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचे. आमच्याच घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान. कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात, आणि जिभेनं एकेक पुढे सारून हातोडीखाली घ्यायचे. माझी जाऊ म्हणायची, "यांच्या तोंडात खिळे असतात तेवढीच घरात शांतता." ती असं म्हणाली की भाऊजी सगळे खिळे हातावर काढून तिला उत्तर देणार आणि पुन्हा तोंडात भरणार. एवढा खटाटोप फक्त शेवटचा शब्द आपला असावा म्हणून!

तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून सोफा उतरवताना त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी कडक वेदनाशामक गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढे पुढे गोळी पोटात जाईपर्यंत हात थरथरायचा, हातोडी बोटावर बसायची. आणि घेतली की भर दुपारी खिळे तोंडात तसेच ठेवून झोपून जायचे. जाऊ बोट घालून एकेक खिळा बाहेर काढायची.

मी सरळ सुनवायचे, "भाऊजी, गोळी काही पायांनी चालत येत नाही. हात तुमचा, तोंड तुमचं. मनावर घेतलं तर काय अवघड आहे?"

"खरंय वहिनी," एवढंच म्हणायचे. कधी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

शेवटी मीच त्यांना देवापुढे बसवलं आणि शपथ घ्यायला लावली. यापुढे नशेची एकही गोळी तोंडात जाणार नाही.

गोळ्या बंद झाल्या आणि ताप, उलट्या, अंथरूण घामानं भिजलेलं. चौथ्या दिवशी जाऊ त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथले डॉक्टर म्हणाले, असं एकदम तोडू नका. रोज इथे या, आमच्यासमोर मोजून औषध देऊ, हळूहळू कमी करू. जाऊचा जीव भांड्यात पडला. भाऊजी मात्र तिथून थेट माझ्या स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, हे औषधही गोळ्यांच्याच जातीचं आहे म्हणतात. शपथेत बसतं का?"

"अहो, डॉक्टर देतायत ना!" जाऊ मागून म्हणाली. "ताई, तुम्ही हो म्हणा. तुमचंच ऐकतात ते."

माझे हात कणकेत होते. फार विचारही केला नाही मी. म्हटलं, "शब्द तो शब्द, भाऊजी. देवाकडे पळवाटा चालत नाहीत. चार दिवस निघाले, पुढचेही निघतील."

ते केंद्रात गेले नाहीत. आठव्या दिवशी खालून हातोडीचा आवाज आला, तेव्हा मी आनंदानं माझ्या रोजच्या वहीत लिहिलं, माणसानं ठरवलं की होतं. अजून ते पान आहे.

बाराव्या दिवशी पाठीत पुन्हा कळ आली. जेवायला बोलवायला जाऊ खाली गेली, तर ते अर्धं कापड चढवलेल्या खुर्चीशी पडलेले. पूर्वी घ्यायचे तेवढ्याच गोळ्या घेतल्या होत्या. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, अकरा दिवसांत अंगाची सवय मोडली, जुनं माप झेपलं नाही. रोजचं औषध चालू असतं तर बहुधा वाचले असते.

भेटायला लोक येतात. आज शेजारच्या आजी म्हणाल्या, "कुणी बळजबरी केली होती का? आपल्या हातानंच घेतल्या ना!"

हात तुमचा, तोंड तुमचं; माझंच बोलणं ते. जाऊ खाली मान घालून बसली होती.

मी म्हणाले, "गोळ्या त्यांनी घेतल्या, आजी. औषध मी घेऊ दिलं नाही. विचारायला आले होते ते मला."

जाऊनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं.

"आता बोलून काय उपयोग, ताई," ती म्हणाली, आणि आलेल्यांसाठी पाणी आणायला उठली.