पुणे ते चाकण, व्हाया चंद्राकाकूची विहीर

चाकणला जाण्याचा माझा निर्णय आईने घेतला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचो, तीन दिवसांची सुट्टी मिळाली होती आणि ती लोळून घालवायचा माझा पक्का बेत होता. आईने बेसनलाडवांचा डबा पुढ्यात आपटला. "शांताला नोकरी लागलीय. तिचं तोंड गोड करून ये." शांता म्हणजे माझी मामेबहीण. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की माळवाडी लागते, तिथे दिलेली. सातवीची फायनल पास झालेली आणि आता चाकणच्या शाळेत मास्तरीण. मी म्हटलं, चला, त्या निमित्ताने चाकणचा भुईकोट किल्ला बघू आणि नव्या सरकारी गाडीतही बसून घेऊ.

तुम्ही मंडळी हल्ली नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या मागे तास तास अडकता आणि मला मेसेज करता, "काका, तुमच्या वेळी रस्ता किती मोकळा असेल ना!" होता की. इतका मोकळा होता राव, की त्यावर गाडीसुद्धा नसायची. सकाळची एक चुकली की माणूस स्टँडवरच्या कुत्र्याशी ओळख वाढवत बसायचा.

आधी त्या रस्त्यावर खासगी सर्व्हिस मोटार होती. ती मोटार म्हणजे चाकं लावलेली चावडी. हात दाखवा, थांबली. हात न दाखवता नुसते बांधावर उभे राहा, तरी थांबून "येतायसा का?" म्हणून विचारणार. ड्रायव्हर एखाद्याची न्याहारी उरकेपर्यंत खोळंबायचा आणि टपावर बोकड, कांद्याची पोती आणि कुणाचा तरी जावई एकत्र प्रवास करायचे. मग सरकारने मार्ग ताब्यात घेतले. शिस्त आली. तिकीट आलं, घंटा आली, खाकी टोपी आली आणि ठरलेले थांबे आले. ते ठरवले पुण्यातल्या एका टेबलावर, नकाशावर पेन्सिल फिरवून. पेन्सिल मोशीवर टेकली ती उडून थेट चाकणवर. मधल्या गावांना पेन्सिलीचा वारासुद्धा लागला नाही.

हे मला गाडीत बसल्यावर कळलं. खडकी, दापोडी मागे पडली, मुंबईचा रस्ता सोडला, भोसरीच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी. मोशीला गाडी थांबली तेव्हा उतरून कांदाभजी खाल्ली. तिथे कधी गेलात तर भजी खा, चहा मात्र घरीच प्या. नदीचा पूल ओलांडला आणि मी कंडक्टरला म्हटलं, "माळवाडी आली की सांगा."

"माळवाडीला थांबा न्हाई."

"अहो, गाव आहे की ते!"

"गाव असंल. थांबा न्हाई."

आणि खरोखर, माळवाडी खिडकीतून दिसली, वडाखाली बसलेले दोघे दिसले, एकाने मला नमस्कारही केला आणि गाडी धूळ उडवत निघून गेली. मी लाडवांसकट चाकणला.

आता आलोच आहोत म्हणून बाजारात हिंडलो. कांदे-बटाट्यांचे ढीग, बैलगाड्यांची दाटी आणि मिसळीच्या तर्रीने डोळ्यांतून पाणी. शाळा सुटायच्या वेळी शांताताईला दारात गाठलं. ती मला बघून हसली, डब्याकडे बघून जास्त हसली आणि म्हणाली, "चल आता, दोन कोस चालायचंय."

"रोज चालतेस?"

"रोज. जाताना आणि येताना."

वाटेत तिने सगळं सांगितलं. भावजी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, घरी यायचे रविवारी. घरात सासू, चंद्राकाकू. त्यांना सुनेची नोकरी म्हणजे थेरं वाटायची. अट अशी, की दिवेलागणीच्या आत उंबऱ्याच्या आत. तिकडे हेडमास्तर रोज घड्याळ बघायचे. सकाळी भाकरी थापून, पाणी भरून, दोन कोस तुडवत जायचं म्हणजे उशीर ठरलेला. "परवाच म्हणाले, बाई, आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरी बाई बघतो," ती म्हणाली. "आणि पावसाळ्यात ओढे भरले की मग विचारूच नकोस. गाडी थांबली नाही तर माझी नोकरी गेली रे." हे बोलतानाही तिचे पाय झपाझप चालत होते. मला धाप लागली होती.

घरी पोचलो तर गाव चावडीत जमलेलं. थांब्यासाठी अर्ज केला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीतून मोटारखात्याचे साहेब स्वतः पाहणीला येणार होते. माळवाडीत उतारू किती चढतात ते बघणार, पुरेसे चढले तर थांबा मंजूर. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "सायबाला मानसं पाहिजेत व्हय? देऊ की! गाव काय मेलंय का?" निरोप सकाळीच गेले होते. चिखलीचे व्याही, दिघीचे साडू आणि रावेतचा एक मेव्हणा, ज्याला चाकण कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी उद्या गाडीत चढायचं, चाकणला उतरायचं आणि परत यायचं. एवढ्या पाव्हण्यांच्या जेवणाला चंद्राकाकूंनी बाजरीच्या भाकरी आणि झणझणीत पिठलं केलं. वाढताना तोंड चालूच. "एका सुनंला शाळंत धाडायला अख्खी वरात! आमच्या येळंला सून हिरीपतूर गेली तरी चार डोळं मागं असायचं." शांताताई मान खाली घालून वाढत होती.

सकाळी थांब्याच्या जागी म्हणजे वडाखाली जत्रा भरली. आता बघा हं, डोकं लावायचं तर माळवाडीनेच लावावं. पहिल्यांदाच गाडी दारात थांबणार, मग तिला ओवाळायला नको? सवाष्ण कोण, तर शिकलेली सून म्हणून शांताताई. तिच्या हातात पाटलांनी आरतीचं ताट दिलं. चंद्राकाकूंचा मळा रस्त्याला लागून आणि विहीर वडापासून हाकेवर, म्हणून चाकांवर पाणी घालायचा मान त्यांचा. त्या दोन घागरी भरून उभ्या. नारळ तयार, गुलाल तयार, हलगी तयार.

गाडी आली. पुढच्या सीटवर हॅट घातलेले साहेब. शांताताईने बॉनेटला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, काकूंनी चाकांवर घागर रिती केली, नारळ फुटला. आणि नारळ फुटल्याबरोबर पाटील गरजले, "चढाऽऽ!"

मी पंढरीतली गर्दी ऐकून आहे, पण माळवाडीचं अख्खं गाव एका दारातून आत शिरताना बघितलंय. मला कुणी तरी मागून ढकललं. "पावनं, तुमीबी एक डोकं हाय, व्हा म्होरं!" आत गेलो तर पाय टेकायला जागा नाही. दिघीच्या साडूंचा पटका माझ्या तोंडात. कंडक्टर ओरडतोय, "जास्तीची मानसं उतरा!" पण उतरणार कोण? जो तो समजतोय, आपलं डोकं कमी झालं की गावाचा थांबा गेला. घंटा झाली, गाडी हलली. मी मान वाकडी करून खिडकीबाहेर पाहिलं.

खाली शांताताई उभी होती. हातात आरतीचं ताट, खांद्याला शाळेची पिशवी. साऱ्या माळवाडीत जिला खरोखर चाकणला जायचं होतं, ती एकटी रस्त्यावर राहिली होती.

मी बोंबललो, "अहो थांबवा! बाई राहिल्या!" पण हलगी अजून वाजत होती, कोण ऐकतो. पुढे साहेब मात्र खुशीत. त्यांनी पाटलांना विचारलं, "एवढे सगळे रोज चाकणला जातात?"

"रोज सायेब. चाकनाबिगर आमाला करमतच न्हाई."

साहेबांनी रावेतच्या मेव्हण्याकडे मोर्चा वळवला. "तुमचं काय काम असतं चाकणला?"

मेव्हणा सरळ माणूस. म्हणाला, "माघारी यायचं काम असतं."

साहेब पुढे काही विचारणार तोच वडापलीकडचा ओढ्याचा चढ लागला. एवढं ओझं घेऊन गाडी कण्हत कण्हत अर्ध्यावर गेली, पुढून फुस्स करून वाफ आली आणि कारभार आटोपला. ड्रायव्हर उतरला, झाकण उघडायला गेला, हात भाजून मागे आला. "पानी पाहिजे. पान्याशिवाय गाडी हलत न्हाई."

पाणी हाकेवर होतं. चंद्राकाकूंची विहीर. ड्रायव्हर डबा घेऊन गेला, मागून पाटील, मागून साहेब, मागून मी. काकू विहिरीच्या काठावर बसलेल्या, दुसरी भरलेली घागर मांडीशी धरलेली. शेजारी शांताताई, डोळे लाल.

"काकू, पानी द्या जरा," पाटील म्हणाले.

"न्हाई देत."

"अवं, गाडी खोळंबलीया! सायेब हायेत!"

"असूंद्यात. आधी माझी सून बसंल, मंग पानी."

पाटील चपापले. "पर काकू, तुमालाच तिची नोकरी..."

"नोकरी करू नगं म्हनायचं तर ते मी म्हनंन! तुमी कोन? तिच्या नावानं अर्ज केलासा, तिच्या नावानं माझ्या भाकरी हादडल्यासा, आन तिलाच खाली ठेवून चाललासा? अकला काय गहान टाकल्यात व्हय?" मग त्यांनी गाडीकडे तोंड करून आवाज चढवला. "ज्याला काम हाय त्यो बसूंद्या! ज्याला नुस्तं मोजून घ्यायचंय त्यो उतरा खाली!"

काय सांगू तुम्हाला! गाडी अशी रिकामी झाली, की कंडक्टर आत एकटाच उरला. चिखली उतरली, दिघी उतरली, रावेतचा मेव्हणा तर आनंदाने उतरला. शांताताईने ताट सासूच्या हातात दिलं, डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसली. मग काकूंनी घागर पुढे केली. मला किल्ला बघायचा होता, म्हणून मीही चढलो. पाटलांनी माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं.

वाटेत साहेबांनी शांताताईला विचारलं, "तुम्ही रोज जाता?"

"रोज."

"आणखी कोण?"

ती खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "रोज जाणारी मी एकटीच."

"बाई, एका माणसासाठी थांबा देता येत नाही. नियम आहे."

"आहे ना. पण मी पोचले नाही की माझा अख्खा वर्ग अंगणात बसून राहतो साहेब. त्यांना कुठल्या नियमात मोजता?"

साहेब माणूस वाईट नव्हता, नियमांच्या हाताखाली नोकरी करत होता इतकंच. चाकण जवळ आलं तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "गाडी या चढावर नेहमी तापते का?"

ड्रायव्हरने आरशात एकदा शांताताईकडे बघितलं. "आता तापंल साहेब. रोज तापंल."

साहेब मिशीत हसले. "पाणी भरायच्या जागेला उतारू मोजावे लागत नाहीत. मात्र तिथे पाणी बारा महिने तयार पाहिजे. एकदा जरी गाडी रिकाम्या विहिरीवर थांबली, तर जागा रद्द."

शांताताई त्या दिवशी शाळेत घंटेच्या आधी पोचली. मी किल्ला पाहिला. चाकणचा किल्ला बघायचा तर उन्हं चढायच्या आत बघा, तटावर सावली नाही आणि प्यायला पाणी सोबत ठेवा. तिसऱ्या दिवशी माळवाडीहून परत निघालो तेव्हा मंजुरीचा कागद अजून पुण्यात फिरत होता, म्हणून मोशीपर्यंत चालत आलो. घरी आल्यावर आईने विचारलं, "लाडू आवडले का तिला?" तेव्हा आठवलं, लाडू पाव्हण्यांनी खाल्ले.

संक्रांतीला शांताताई घरी आली, तेव्हा कळलं की हुकूम निघाला. गाडी रोज दोन्ही वेळा विहिरीवर थांबते. पेन्सिलवाल्यांच्या नकाशावर माळवाडी अजूनही नव्हती, तिथे फक्त एक विहीर होती.

आता चिंचवडला चौथ्या मजल्यावर बसून हे लिहितोय. माळवाडीला आज पत्र्याचा थांबा आहे, त्यावर नगरसेवकाचा फोटो आहे आणि हल्लीच्या गाड्यांना वाटेत कुणी पाणी पाजत नाही. तुम्ही विचाराल, त्या सहलीतलं काय राहिलं? किल्ला तर मला धड आठवतही नाही. मला आठवतो तो त्यानंतरचा वैशाख. मी पुन्हा गेलो होतो आणि विहिरीचा तळ दिसत होता. सकाळी गाडीच्या वेळेला शांताताई पिशवी घेऊन वडाखाली उभी, आणि नदीकडच्या वाटेने चंद्राकाकू येत होत्या, डोक्यावर घागर, कमरेवर घागर, अनवाणी. मी धावत जाऊन एक उतरवून घेतली. म्हटलं, "काकू, गावात एवढी माणसं आहेत, कुणाला तरी सांगायचं!"

"गावाची कुठं सून जातीया?" त्या म्हणाल्या आणि पदराने मान पुसली. "बघ रं, आली का गाडी?"

पाऊस पडून विहिरीला पाणी येईस्तोवर त्या रोज नदीवर गेल्या. सुट्टी लागेपर्यंत शांताताईचा शाळेत एकही खाडा झाला नाही.