आत्याची फ्लॉपी

आत्या आष्ट्याला सुईण होती. आसपासच्या वस्त्यांवरच्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली. जन्मतारखेचा घोळ झाला की लोक तिच्याकडं यायचे. ती सांगायची, "कारखान्याचं धुराडं पयल्यांदा पेटलं, तवा हिची थोरली झाली." लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं डोक्यात.

मग तिला विसरायला होऊ लागलं. घाबरून ती कराडला आमच्याकडं येऊन राहिली. मी नुकताच जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याचा मला भलताच माज होता. महिनाभर रोज दुपारी ती सांगायची, मी टाइप करायचो.

जायच्या दिवशी ती म्हणाली, "एक माज्याजवळ बी दे. तुजं घर, माजं घर, दोन जागी असलेलं बरं रं."

टीव्हीवर मॅच रंगात आली होती. कॉपी करायला फार तर दोन मिनिटं लागली असती. पण म्हटलं, हिच्याकडं कॉम्प्युटर नाही, हिला वाचता येत नाही, हिला काय कळणार? मी कोरी फ्लॉपी घेतली, तिच्यावर झोकदार अक्षरात 'आत्या' लिहिलं आणि तिच्या हातात ठेवली. तिनं ती कपाळाला लावली. तेव्हा मला हसू आलं होतं. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

वर्षभरानं माझी हार्ड डिस्क गेली. त्यातलं काहीच परत मिळालं नाही. घाबरत आत्याला कळवलं, तर ती दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर. पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, डब्यातून खणात गुंडाळलेली फ्लॉपी. "कुणाला हात लावू दिला न्हाई," म्हणाली. आताशा तिला शेजारणीची पोरंसुद्धा आठवत नव्हती. जे होतं ते या फ्लॉपीत, असंच ती धरून चालली होती.

मला सगळं ठाऊक होतं, तरी मी ती मशीनमध्ये घातली. ती शेजारी बसून पडद्याकडं बघत राहिली. थोडा वेळ उगाच बटणं दाबून मी म्हणालो, "खराब झालीय, आत्या."

तिनं रिकाम्या खणाची मांडीवर घडी घातली. मग हळूच म्हणाली, "पावसाळ्यात ट्रंकंत ठिवली व्हती. दमट लागलं आसंल. माजंच चुकलं बाळा."

खरं सांगायला तेवढाच क्षण होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे आत्या, होतं असं."