एसीची नाडी पाहणारे घरमालक

आमच्या घरमालकांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नाही, कारण ती पुन्हा कधी चालतच नाही. वर्ध्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्यानं राहतो. तेवढ्या काळात दोन मिक्सर, एक इस्त्री आणि माझ्या दारावरची घंटा त्यांच्या हातून मोक्षाला गेली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मेकॅनिकवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मेकॅनिक पार्ट बदलते, बिमारी कोनी शोधत नाई," असं सर स्क्रूड्रायव्हरनं कान खाजवत सांगतात.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, दमा आहे. कूलरची ओलसर हवा सोसेना, म्हणून यंदा एसी आला. मे महिन्यात तो रुसला. तासभर चालला की आत बर्फ जमायचा आणि हवा बंद व्हायची. बाहेर वर्धा भाजून निघत होतं आणि सरांच्या भिंतीवर हिमालय उगवत होता. सरांनी त्याला कान लावला, चार बोटांनी त्याची नाडी पाहिली. आधी त्यांनी रिमोटला दोषी ठरवलं, मग स्टॅबिलायझरला. शेवटी गच्चीवरच्या युनिटला ओली पोती पांघरली. बर्फ वितळला की पाणी थेट काकूंच्या उशीवर.

एका दुपारी काकूंना धाप लागली. पंप ओढूनही धाप कमी होईना. मी खाली धावलो, तर सर खुर्चीवर उभे राहून हेअर ड्रायरनं बर्फ वितळवत होते. मला पाहून ते हळूच म्हणाले, "बाबू, मेकॅनिकले फोन लाव."

सहा वर्षांत हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

तासाभरात मेकॅनिक आला, तोवर काकूंची धाप जरा कमी झाली होती. त्यानं झाकण उघडलं आणि जाळीवरून कापडाची जाड घडी ओढून काढली.

"सर, हे काऊन लावलं?"

"धूळ अडवाले. तिच्या छातीत जाऊ नाई म्हणून."

"धूळ नाई, तुमी हवाच अडवून राह्यले! आत हवा गेली नाई तर बर्फच होईन ना."

पुढची गोष्ट सरांनी मान खाली घालून कबूल केली. प्रत्येक वेळी बर्फ जमला की धूळच आत शिरली असणार, असं समजून ते आणखी एक पदर चढवत होते.

काकूंनी ती घडी हातात घेतली, उलगडली. "अवो, हे तं माह्यं नवं पातळ!" म्हणाल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता खोकला आला, तरी हसत राहिल्या. कित्येक महिन्यांत त्या घरातून असं हसू ऐकलं नव्हतं.

मेकॅनिक गेला. खोली गार होत होती. सर पलंगाच्या कडेला बसले आणि काकूंचा श्वास मोजू लागले. मी दार अलगद ओढून घेतलं.