टाळूवरची मांडी

डोक्याच्या जखमेचं ड्रेसिंग मागे उभं राहून करावं लागतं. पेशंटला आमचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो मोकळेपणी बोलतो. आणि आम्हाला मोकळेपणी हसता येतं! परळच्या आमच्या प्लास्टिक सर्जरी वॉर्डात फाटलेली, भाजलेली, सोललेली डोकी झाकता झाकता माझ्याकडे हे किस्से असेच साचत गेले.

शिवाजी पार्कचे एक निवृत्त प्रोफेसर. टाळूवरची कॅन्सरची गाठ काढून आम्ही तिथे मांडीची पातळ कातडी लावली. अशा वेळी डोकं शांत असतं, बोंबलते ती मांडी. प्रोफेसर बरे झाले आणि लंगडत लंगडत फिरायला गेले. कट्ट्यावरच्या मित्राने विचारलं, "ऑपरेशन डोक्याचं ना रे? मग लंगडतोस काय?"

प्रोफेसरांनी सगळं साग्रसंगीत समजावलं. मित्र म्हणाला, "डोकं मांडीवर ठेवलेलं पाहिलंय. मांडी डोक्यावर पहिल्यांदाच बघतोय!"

लालबागचा महेश. लहानपणी भाजल्यामुळे डोक्यावर मोठा चट्टा, तिथे केसच नाहीत. अशा वेळी शेजारच्या केसाळ कातडीखाली रिकामा फुगा बसवतात आणि दर आठवड्याला सुईने त्यात सलाईन भरत जातात. कातडी ताणून वाढली की ती ओढून चट्टा झाकायचा. महेशच्या डोक्यावर हा एवढा नारळ तयार झाला! बरोबर त्याची मालवणी आई यायची. एकदा माझ्या हातातली सिरिंज बघून तिला राहवेना. "डॉक्टरीणबाय, ह्येच्या डोक्यात हवा पयल्यापासूनच होती. आता वर पाणी कित्याक भरतास?"

अँटॉप हिलचे परबकाका, सरकारी ऑफिसातले हेडक्लार्क. त्यांच्या कानामागची कातडी आम्ही फिरवून टाळूवर आणली. कातडीबरोबर तिची स्पर्श कळवणारी नसही आली, पण मेंदूला ते कुठे माहीत? काका वैतागून आले.

"मॅडम, माशी बसते टाळूवर, आणि मी फटका मारतो कानामागे!"

आमचे सर, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, शेजारीच होते. म्हणाले, "काका, मेंदूकडे अजून जुनाच पत्ता आहे. बदलेल हळूहळू."

काका गंभीरपणे म्हणाले, "आपोआप कसा बदलेल साहेब? अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा?"

संगीताताईंची गोष्ट मात्र वेगळी. मसाल्याच्या गिरणीत वेणी पट्ट्यात अडकली, आणि केसांसकट सगळी कातडी निघाली. पाठीचा स्नायू काढून डोक्यावर बसवला, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या जोडल्या, वर कातडी लावली. जगल्या. पण आरशासमोर जाईनात. ड्रेसिंगला यायच्या, खाली मान घालून निघून जायच्या.

पुढे विग आला. तो घालून भीतभीतच त्या भाचीच्या लग्नाला गेल्या. तिथे नणंद कौतुकाने मागेच लागली, "वहिनी, केस काय मस्त सेट केलेत! कुठलं गं पार्लर?"

"परळला आहे," ताई म्हणाल्या, "पण अ‍ॅडमिट व्हावं लागतं!"

वॉर्डात येऊन मला हे सांगताना त्या इतक्या हसल्या की विग सरकला. त्यांनी तो आरशात बघून सरळ केला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

आणि गिरगावचा निखिल. लग्न ठरलेलं, हॉल बुक. बाइक घसरली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं! टाळूवरची तळहाताएवढी कातडी गेली, खाली हाड उघडं. आजूबाजूची कातडी फिरवून आम्ही ते झाकलं. लग्न पुढे ढकललं. केस वाढून व्रण झाकला गेला, तरी मुलीकडून निरोप येईना. निखिलच्या आईने जेवण सोडलं.

एके दिवशी ती मुलगीच ओपीडीत आली. एकटी. बँकेत नोकरी, गळ्यात आयडी कार्ड तसंच. आम्ही मनातून धास्तावलो.

"डॉक्टर, खरं सांगा. निखिलच्या डोक्यावर दोन भोवरे होते. आई म्हणते, दोन भोवरे म्हणजे दोन बायका. आता किती आहेत?"

सरांचा जीव भांड्यात पडला. "एकच! एक अपघातात गेला."

ती खुलली. पर्स उचलली, दारापर्यंत गेली आणि थबकली.

"डॉक्टर, राहिलाय तो पहिला की दुसरा?"

दहा रिपोर्ट बघितल्याशिवाय तोंड न उघडणारे आमचे सर ताडकन म्हणाले, "पहिला!"