योगीराजची अट

कळंबच्या अर्पितानं मित्र योगीराजसोबत दूध संकलन केंद्रांसाठी एक प्रोग्राम लिहून सगळ्यांना फुकट दिला होता. अट एकच, त्यात जो सुधारणा करील त्यानं तीही सगळ्यांना खुली ठेवायची. पुढं योगीराज वारला. दहा वर्षं केंद्रवाल्यांच्या तक्रारी एकटीनं निस्तरून ती पार थकली होती. आता एक कंपनी ती अट काढून टाकली तर तिला नोकरी द्यायला तयार होती. त्यासाठी योगीराजच्या वारसाचीही सही हवी, म्हणून ती सास्तूरला त्याच्या आईकडं गेली.

धुरपदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ही अट कुणी घातली व्हती?"

"योगीराजनंच."

"मग माझ्यानं न्हाय मोडवत, पोरी."

अर्पितानं वाद घातला नाही. तिनं कंपनीला नकार कळवला. परतीच्या एसटीत फोन वाजला. कुठल्याशा केंद्रावर प्रोग्राम अडला होता.

"सांगा," ती म्हणाली.